रब्बी हंगामापूर्वी ट्रॅक्टरची चाके आणि रेडिएटर यांची निगा

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



खंडेनवमीला आपण घरातील सर्व औजारांची पूजा करतो. नांगर, पाभर, कोळपे यांच्या बरोबरीने ट्रॅक्टरही धुवून पुसून दारात उभा राहतो. त्याला हळद-कुंकू लावतो, नारळ फोडतो आणि पुढच्या जाळीवर झेंडूची मोठी माळ बांधतो. प्रथा चांगलीच आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी ती माळ दसऱ्यानंतरही तशीच राहते आणि ट्रॅक्टर माळेसकट शेतात कामाला लागतो. त्या जाळीच्या मागे रेडिएटर असतो. इंजिन थंड ठेवणारी हवा त्याच वाटेने आत जाते. म्हणून माझी पहिली विनंती एवढीच, की पूजा झाली की काम सुरू करण्यापूर्वी माळ सोडून ठेवा आणि त्याच वेळी बॉनेट उघडून आत एकदा नजर टाका.

उसाच्या गाडीला बैल जुंपण्यापूर्वी आपण त्यांच्या पायांना पत्र्या मारून घेतो. लंगडणारा बैल गाडीला जुंपावा असे कोणालाही वाटत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र आपण चालतो तोवर चालवतो आणि बंद पडला की धावाधाव करतो. तहान लागल्यावर विहीर खोदण्याचाच हा प्रकार. दिवाळीपासून पुढचे पाच-सहा महिने ट्रॅक्टरच्या कष्टाचे असतात. रब्बीची मशागत, गव्हाची पेरणी, कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊस वाहतूक, आणि शेवटी उन्हाच्या तोंडावर मळणी. या सर्व कामांत ताण येतो तो मुख्यत्वे दोन ठिकाणी. एक म्हणजे जमिनीला टेकणारी चाके आणि दुसरे म्हणजे इंजिनाची शीतन व्यवस्था. आज या दोहोंविषयीच बोलणार आहे.

चाके आणि टायर

इंजिन कितीही अश्वशक्तीचे असो, ती शक्ती जमिनीपर्यंत पोचते ती मागच्या दोन टायरमधून. पूर्वी ट्रॅक्टरला लोखंडी चाके असत. अमेरिकेत १९३२ साली अॅलिस-चाल्मर्स कंपनीने हवेचे टायर बसवलेला ट्रॅक्टर पुढे आणला आणि त्यानंतर शेतात व रस्त्यावर एकाच चाकाने काम करणे शक्य झाले. मात्र शेत आणि रस्ता या दोन्ही ठिकाणी टायरची गरज सारखी नसते, ही गोष्ट आपण विसरतो.

खरिपात भात भागात, म्हणजे कोकणात किंवा भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे, चिखलणीसाठी लोखंडी जाळीची चाके जोडलेली असतात. काम संपताच ती काढून, धुवून, गंजविरोधक रंग किंवा जुने तेल लावून छपराखाली ठेवावीत. ती तशीच ठेवून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर नेल्यास रस्ता उखडतो आणि एक्सलवरही धक्के बसतात.

टायर बसविण्याची दिशा : मागच्या टायरवर बाणाच्या टोकासारखे उंच रबरी कंगोरे असतात. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिल्यास या कंगोऱ्यांचे टोक वरच्या बाजूस दिसले पाहिजे. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाणही असतो. दिशा बरोबर असली म्हणजे कंगोऱ्याचे टोक जमिनीला आधी टेकते, माती मधून बाहेरच्या बाजूला ढकलली जाते आणि टायर आपोआप साफ होत राहतो. दिशा उलटी झाली तर चिखल मध्येच अडकून बसतो आणि टायर गुळगुळीत झाल्यासारखा घसरतो.

दोन ओळींमधील अंतर बदलले की काही जण मागच्या चाकांची तबकडी उलटी करून त्यांच्यामधील अंतर कमी-जास्त करतात. हे करताना चाक त्याच बाजूला उलटे करून बसवू नये, कारण तसे केल्यास कंगोऱ्यांची दिशा उलटी होते. डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे न्यावे, म्हणजे तबकडी उलटी होऊनही दिशा कायम राहते. नट एकाआड एक, समोरासमोरचे असे आवळावेत. नंतर दोन-तीन तास काम झाल्यावर ते पुन्हा तपासावेत. नव्याने बसवलेल्या चाकाचे नट पहिल्या दिवशी सैल पडतातच, असे धरून चालावे. ट्रॅक्टर उचलताना केवळ जॅकवर विसंबू नये. एक्सलखाली मजबूत लाकडी ठोकळे द्यावेत आणि जमिनीवरील चाकांना पुढून-मागून ओट लावावी.

हवेचा दाब : सर्वसाधारणपणे मागच्या टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ०.८ ते १.५ किलो आणि पुढच्या टायरमध्ये १.५ ते २.५ किलो दाब ठेवतात. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच प्रमाण मानावा. शेतात नांगरट करताना मागच्या टायरचा दाब या मर्यादेच्या खालच्या बाजूस ठेवावा. टायर थोडा पसरतो, जमिनीला अधिक चिकटतो आणि माती कमी दाबली जाते. भरलेली ट्रॉली ओढताना तो वरच्या बाजूस न्यावा, नाही तर टायरच्या बाजू वारंवार दुमडून गरम होतात व त्यांना चिरा पडतात. दाब सकाळी टायर थंड असताना मोजावा. लाथ मारून किंवा हाताने ठोकून दाब कळत नाही. दाबमापक घरी ठेवावा. व्हॉल्व्हची टोपी हरवली असेल तर ती आधी आणावी, कारण तेथूनच धूळ शिरून हवा गळू लागते. हवा भरताना टायरच्या समोर उभे न राहता बाजूला उभे राहावे.

चाकाची घसर : आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नांगर ओढताना चाक थोडे घसरणारच. परंतु घसर २० टक्के असेल तर चाकाच्या प्रत्येक पाच फेऱ्यांपैकी एक फेरी वाया गेली. डिझेल जळाले, टायर झिजला आणि नांगर जागेवरच राहिला. ही घसर मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. मागच्या टायरवर खडूने खूण करावी. नांगर वर उचलून, त्याच शेतात, चाकाच्या १० फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजावे. मग नांगर नेहमीच्या खोलीवर लावून पुन्हा १० फेऱ्यांचे अंतर मोजावे. समजा, पहिले अंतर ४० मीटर आले आणि दुसरे ३४ मीटर. फरक ६ मीटर, म्हणजे घसर १५ टक्के.

घट्ट जमिनीत ८ ते १५ टक्के घसर योग्य समजली जाते. १५ च्या वर गेल्यास मागच्या चाकांवर वजन वाढवावे, किंवा नांगराची खोली अथवा रुंदी कमी करावी. ८ च्या खाली असेल तर विनाकारण जादा वजन लादले आहे, ते उतरवावे. कारण जादा वजन वाहून नेण्यातही डिझेल जाते आणि जमीनही दाबली जाते. काळ्या भारी जमिनीत हा दाब पुढे दोन-दोन वर्षे जाणवतो.

टायरमध्ये पाणी भरणे : वजन वाढविण्याचा स्वस्त उपाय म्हणजे मागच्या टायरमध्ये पाणी भरणे. चाक उचलून व्हॉल्व्ह सर्वांत वर आणावा, आतला भाग काढावा आणि नळीने पाणी भरावे. व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी आले म्हणजे टायर सुमारे तीन चतुर्थांश भरला. तेथेच थांबावे आणि उरलेल्या जागेत हवा भरून योग्य दाब करावा. टायरच्या आकारमानाप्रमाणे एका चाकात साधारण १५० ते २५० लिटर पाणी मावते, म्हणजे तितकेच किलो वजन वाढते. टायर पाण्याने पूर्ण भरू नये. हवेची गादी राहिली नाही तर खड्ड्यातला प्रत्येक धक्का थेट टायरला व एक्सलला बसतो.

मागे वजन वाढवताना पुढचा भाग हलका पडत नाही ना, हेही पाहावे. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा असावा. चढावर ट्रॉली ओढताना पुढची चाके उचलली की स्टिअरिंग निकामी होते आणि ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका असतो. यासाठी पुढे वजने लावावीत आणि ट्रॉली नेहमी कंपनीने दिलेल्या हुकालाच जोडावी. त्याहून उंच जागी साखळी किंवा दोर कधीही बांधू नये. रस्त्यावर निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेकची पायपट्टी एकमेकांना खिटीने जोडावी. एकाच चाकाला ब्रेक लागला तर भरधाव ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

टायरवर सांडलेले डिझेल व तेल लगेच पुसावे, कारण त्याने रबर मऊ पडून फुगते. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल तर तो सावलीत, ठोकळ्यांवर उचलून ठेवावा. संध्याकाळी घरी आल्यावर टायरमध्ये घुसलेले बाभळीचे काटे, तुरीचे व कपाशीचे खुंट काढून टाकावेत. पाच मिनिटांचे हे काम दुसऱ्या दिवशीचा पंक्चरचा खोळंबा वाचविते.

शीतन व्यवस्था

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भागाचेच काम होते. तितकीच उष्णता धुरावाटे जाते आणि तितकीच इंजिनाभोवतीच्या पाण्याला बाहेर न्यावी लागते. ती बाहेर गेली नाही तर पिस्टन फुगतात, वंगण पातळ होते आणि इंजिन धरते. आयशरचे हवेने थंड होणारे ट्रॅक्टर आपल्याकडे अनेकांनी वापरले आहेत. त्यांना रेडिएटर नसतो, पण इंजिनावरील पंखे स्वच्छ ठेवणे तेथेही तितकेच आवश्यक असते. आज बहुतेक ट्रॅक्टर पाण्याने थंड होणारे आहेत, म्हणून त्यांच्याविषयी सांगतो.

येथे मी माझ्या घरचे उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंचा ट्रॅक्टर गव्हाच्या मळणीवर होता. मार्च महिना, दुपारची वेळ, आणि आभाळ भरून आलेले. जागेवर उभ्या ट्रॅक्टरला चालताना मिळते तशी समोरून येणारी हवा मिळत नाही आणि मळणी यंत्राचा भुसा पंखा आत ओढून घेतो. काटा तांबड्या पट्टीत गेला. वाफ येऊ लागली. मदतीला असलेल्या मुलाने घाबरून विहिरीच्या थंड पाण्याची बादली इंजिनावर आणि रेडिएटरमध्ये ओतली. तापलेल्या हेडला जागच्या जागी तडा गेला. पुढे दुरुस्तीला तीन आठवडे लागले. आमचे मळणीचे भाडे बुडाले ते बुडाले. पण आमची पाळी धरून बसलेल्या तीन घरांचा गहू त्याच आठवड्यातल्या अवकाळी पावसात भिजला, त्याची भरपाई आम्ही कशाने करणार होतो? दोष शोधला तेव्हा काय निघाले? रेडिएटरच्या जाळीत बोटभर जाडीचा भुसा साठलेला होता. तो काढायला दहा मिनिटे पुरली असती. त्या सकाळी मी त्याच खळ्यावर उभा होतो. या विषयाचे शिक्षण घेतलेल्या मलाही बॉनेट उघडावेसे वाटले नाही. म्हणून हे सारे आपल्याला पोटतिडकीने सांगतो आहे.

आता तपासणीचा क्रम ऐका.

१) जाळी आणि पाकळ्या : रोज काम सुरू करण्यापूर्वी पुढची जाळी व रेडिएटरच्या पाकळ्या पाहाव्यात. मळणीच्या व ऊस वाहतुकीच्या दिवसांत हे दिवसातून दोन-तीन वेळा करावे, कारण भुसा आणि पाचटाचे तुकडे त्यांत अडकतात. इंजिन बंद करून, पंख्याच्या बाजूने बाहेरच्या बाजूस हवा किंवा हलक्या दाबाचे पाणी मारावे. समोरून जोराचा फवारा मारला तर कचरा आणखी आत जातो आणि पाकळ्या वाकतात.

२) पाण्याची पातळी : पातळी सकाळी इंजिन थंड असताना पाहावी. झाकण चांगले बसते का आणि त्याचे रबर शाबूत आहे का, हेही पाहावे. हे झाकण केवळ सांडू नये म्हणून नसते. दर चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोचा दाब धरणारे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत नेते. झाकण हरवले म्हणून फडक्याचा बोळा कोंबणारे मी पाहिले आहेत. त्यांचे पाणी लवकर उकळते आणि उडून जाते.

३) पंख्याचा पट्टा : दोन कप्प्यांच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारण १२ ते १५ मिलिमीटर दबावा. सैल असेल तर पंखा व पाण्याचा पंप सावकाश फिरतात. फार ताणला तर पंपाचे बेअरिंग जाते. चिरा पडलेला पट्टा मोसम सुरू होण्यापूर्वीच बदलावा आणि एक जादा पट्टा पेटीत ठेवावा.

४) रबरी नळ्या : नळी दाबून पाहावी. ती भुसभुशीत लागली किंवा क्लिपजवळ फुगली असेल तर बदलावी. पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून थेंब पडत असतील तर पंपाचे सील गेले आहे, असे समजावे.

५) थर्मोस्टॅट : इंजिन तापू लागले की आधी थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा, अशी एक समजूत गावोगाव आहे. ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट काढलेले इंजिन थंडीच्या दिवसांत योग्य तापमानाला येतच नाही. डिझेल नीट जळत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून वंगणात मिसळते, लायनर लवकर झिजतात आणि डिझेलही जास्त लागते. थर्मोस्टॅट बिघडला आहे का, हे घरीच तपासता येते. पातेल्यातील पाण्यात तो दोऱ्याने टांगावा, सोबत तापमापक धरावा आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. नाही उघडला तर नवा बसवावा, परंतु जागा मोकळी ठेवू नये.

६) पाण्याचा प्रकार : बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे घालत राहिल्यास आत पांढरा थर बसतो, जसा पाणी तापवण्याच्या बंबात बसतो. या थरातून उष्णता फार कमी वाहते. म्हणून गाळलेले पावसाचे पाणी किंवा बॅटरीचे पाणी वापरावे. त्याहून चांगले म्हणजे कंपनीने सांगितलेले कूलंट, सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती क्वचितच असते. तरीही कूलंटमुळे गंज व क्षार टळतात आणि पाणी उशिरा उकळते. दोन वेगवेगळ्या प्रकारचे कूलंट एकत्र करू नये. आणखी एक इशारा. बहुतेक कूलंट चवीला गोड पण विषारी असते. काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये. मुले, कुत्री व गुरे यांच्यापासून ते दूर ठेवावे.

७) आतून धुणे : पाणी बदलताना रेडिएटरचा नळ सोडतात, पण इंजिन ब्लॉकचा नळ सोडायचा विसरतात. दोन्ही सोडावेत, नाही तर निम्मा गाळ आतच राहतो. धुण्याच्या सोड्याचे पाणी वापरण्याची जुनी पद्धत आहे, परंतु अॅल्युमिनिअमचे भाग असलेल्या ट्रॅक्टरमध्ये सोडा वापरू नये, कारण तो अॅल्युमिनिअमला खातो. अशा वेळी कंपनीने सुचविलेले द्रावणच वापरावे.

तेल मोजण्याच्या पट्टीवर दुधाळ तेल दिसले, किंवा रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग अथवा सतत बुडबुडे दिसले, तर हेडचे गॅस्केट गेले असण्याची शक्यता आहे. असा ट्रॅक्टर त्या दिवशी कामाला न जुंपता कुशल मेकॅनिकला दाखवावा.

इंजिन तापलेच तर

काटा तांबड्या पट्टीकडे जाऊ लागताच भार काढावा, पी.टी.ओ. सोडावा. पाणी शिल्लक असेल आणि पट्टा शाबूत असेल, तर इंजिन काही मिनिटे संथ गतीवर चालू ठेवावे, म्हणजे आतील पाणी फिरत राहते. पाणी वाहून गेले असेल किंवा पट्टा तुटला असेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे. झाकणाला हात लावू नये. आतील वाफ तोंडावर व छातीवर उडून गंभीर भाजते. निदान अर्धा तास थांबावे. हात लावता येईल इतके इंजिन निवाले की जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत सोडावे, दाब जाऊ द्यावा आणि मग काढावे. पाणी भरताना ते थोडे थोडे, इंजिन संथ चालू ठेवून भरावे. थंड पाण्याची बादली एकदम ओतू नये, हे आता मी आपल्याला पुन्हा सांगायला नको.

शेवटी एक सोपी सूचना. ट्रॅक्टरच्या नावाने एक वही घाला. टायरचा दाब, पाण्याची पातळी, पट्टा, कूलंट बदलल्याची तारीख आणि कामाचे तास त्यात लिहा. घरातील शाळकरी मुला-मुलींकडे हे काम सोपवले तर ते आवडीने करतात आणि आपल्याला आठवणही करून देतात. दिवसाची पंधरा मिनिटे यासाठी काढा. गावात ट्रॅक्टर थोड्यांच्या दारात असतो, पण त्याच्यावर पेरणी, वाहतूक आणि मळणी अनेकांची अवलंबून असते. आपला ट्रॅक्टर ऐन वेळी उभा राहिला तर शेजाऱ्याच्या खळ्यावरचा गहू भिजतो, एवढे मी अनुभवाने शिकलो आहे. ती वेळ आपल्यावर येऊ नये, हीच सदिच्छा.